सध्या काय ऐकताय?

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघालेली हार्बरची सकाळची गाडी. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर करत डबा भरत जातो. एका टोकाला भजनी मंडळ बसलेलं असतं. टाळ निघतात, कुणी डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतो, आणि नेरुळ येईपर्यंत गजर रंगात आलेला असतो. त्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाला दारातल्या पोरांपासून विंडोतल्या काकांपर्यंत सगळ्यांच्या कानांत काही ना काही खोचलेलं. कोण काय ऐकतंय, शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. मग कधीतरी ओळखीचा चेहरा दिसतो, एक कान मोकळा होतो आणि प्रश्न येतो, ‘काय ऐकतोयस सध्या?’

या प्रश्नाला निदान सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. ध्वनिमुद्रण नव्हतं तेव्हा गाणं ऐकायचं म्हणजे गाणाऱ्याच्या समोर बसायचं. देवळात, बैठकीत, नाटकाच्या तंबूत माणसं एकत्रच ऐकत, त्यामुळे ‘तू काय ऐकलंस’ हे वेगळं विचारायची वेळ क्वचित येई. गाणं तबकडीत शिरलं आणि ऐकणारा एकटा पडू शकला. तेव्हापासून आपण काय ऐकतो ते दुसऱ्याला कळवण्याच्या नाना तऱ्हा निघाल्या. आणि गाणं सांगायचं तर त्याबरोबर नाव सांगावं लागतं. कोण गातंय, कुणी बांधलं, कुणी लिहिलं?

भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं तेच नाव पुकारून. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहर जानसारख्या गायिकांचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगे. पुढे अनेकांना तो तिचा तोरा वाटला. त्यामागचं कारण मात्र साधं होतं. मुद्रणाच्या मूळ प्रती जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे, ना गायिका ओळखू येई. लेबलवर चुकीचं नाव पडू नये म्हणून कलावंताने शेवटी स्वतःचं नाव उच्चारायचं. 1908 मध्ये कलकत्त्यालाच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, पण नाव पुकारण्याची रीत आणखी काही काळ टिकली. आज त्या जुन्या तबकड्या ऐकताना शेवटचे ते दोन-तीन सेकंद अंगावर काटा आणतात.

मराठीत भावगीताचा जम बसवणाऱ्या गायकांत जी. एन. जोशी हे पहिल्या फळीतलं नाव. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांच्या तबकडीने घरोघर गेली. विदर्भातल्या एका वकिलाची कविता मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत गुणगुणली जाऊ लागली, ती गाण्याची गोडी एकमेकांना सांगणाऱ्यांमुळे. तेव्हा ग्रामोफोन असलेली घरं थोडी होती. ज्याच्याकडे तो असे, त्याच्या ओसरीवर आळी जमे. इराण्याच्या हॉटेलात पुढे ज्यूकबॉक्स आले. नाणं एकाने टाकायचं आणि गाणं सगळ्या हॉटेलाने ऐकायचं. काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मध्ये तबकडी घेण्याआधी ऐकून पाहायला काचेच्या खोल्या होत्या. तिथे शेजारच्या खोलीतला माणूस मान कशावर डोलावतोय हे दिसे आणि बाहेर आल्यावर त्याला विचारता येई. 2016 च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झालं तेव्हा मुंबईच्या कितीतरी रसिकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

पण आवड जाहीर करण्याची खरी सवय लावली ती रेडिओने.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि चित्रपटगीतांवर तितकाच राग. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं त्यांनी कमी करत नेली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं ठरवून ते नाव निवेदनातून काढून टाकलं गेलं. फक्त गायकाचं नाव सांगायचं. निर्माते चिडले, त्यांनी गाण्यांचे परवाने काढून घेतले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसं झालं. देशातला एवढा मोठा सांगीतिक तंटा पेटला, त्यात निवेदकाने कुणाचं नाव घ्यावं हा एक मुख्य मुद्दा होता, हे आज सांगितलं तर पटणार नाही.

श्रोते मग समुद्रापलीकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक सिलोनकडे होता आणि त्याचा आवाज हिंदुस्थानभर पोचे. 3 डिसेंबर 1952 ला रेडिओ सिलोनवर निवेदक अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठला. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि फिती विमानाने कोलंबोला जायच्या. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत हा आकडा चढला, असं सयानी सांगत. सुरुवातीला गाण्यांना क्रमांक नव्हते. पायऱ्या नंतर आल्या. क्रम ठरवताना तबकड्यांचा खप विचारात घेतला जाई, तशी गावोगावच्या श्रोता-मंडळांची पसंतीही. म्हणजे ‘आम्ही सध्या हे ऐकतो’ असं कळवणाऱ्या संघटित चाहत्यांची एक देशव्यापी यंत्रणाच उभी राहिली होती.

सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणायला आकाशवाणीने 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू केली. फर्माइशीचा जमाना बहरला. बिहारमधलं (आताच्या झारखंडमधलं) झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फर्माइशींमुळे भारतभर ठाऊक झालं. मराठीत मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ने तेच केलं. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, मग गाव आणि तालुका. निवेदिका ती नावं एका दमात वाचून दाखवी. आपलं नाव लागलं की वाडीत चार दिवस त्याचीच चर्चा. गाणं तर ‘आपली आवड’ नसतानाही कधी ना कधी लागलंच असतं. पत्र लिहिणाऱ्याला हवं असे ते असं, की हे गाणं आवडणारा माणूस इथे, या गावात राहतो, हे सगळ्यांना कळावं.

फर्माइशीच्या त्या निवेदनात एक शिस्त होती आणि तिचं मोल आज जास्त कळतं. श्रोत्यांच्या नावांआधी, पूर्वी गाळलेल्या चित्रपटाच्या नावासह, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं यायची. रोज कानावर पडून ती पाठ झाली. शाळा फारशी न शिकलेली माणसंही ‘हे गदिमांचं, चाल बाबूजींची’ असं सहज सांगत, ती रेडिओच्या या शिकवणीमुळे. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत देणारं ‘गीतरामायण’ आलं. छप्पन्न गीतं, शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या दारात शेजारपाजार जमे, आणि रेडिओला हार घातल्याच्या आठवणी त्या पिढीने पुढच्यांना सांगितल्या. पुढच्या आठवड्यात कोणतं पात्र गाईल याची चर्चा ऑफिसांत आणि पाणवठ्यावर चाले.

ही नावं आपोआप मिळालेली नाहीत. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातलं खेमचंद प्रकाश यांनी बांधलेलं गाणं रेडिओवर वाजू लागलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. पार्श्वगायिकेचं नाव छापायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. श्रोत्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं पाठवली: हा आवाज कुणाचा? आकाशवाणीने ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी केली आणि मग निवेदनात नाव आलं, लता मंगेशकर. पार्श्वगायकांना त्यांचं नाव मिळवून देण्यात स्वतः लताबाईंच्या हट्टाचा वाटा मोठा आहे. फिल्मफेअर पुरस्कारांत गायनाचा विभागच नव्हता, तेव्हा समारंभात गायला त्यांनी नकार दिला होता. 1959 पासून तो विभाग सुरू झाला. तरी पहिला धक्का दिला तो ‘कोण गातंय’ असं विचारणाऱ्या अनाम श्रोत्यांनी. गीतकारांचं नाव रेडिओवर घेतलं जावं म्हणून साहिर लुधियानवी भांडले. एका गाण्यामागच्या तीन माणसांना आपण आज ओळखतो, त्यासाठी इतकी माणसं झगडली आहेत.

सुरुवातीची हार्बरची गाडी जिथून जाते ती नवी मुंबई या कथेत येते ती कॅसेटच्या काळात. सिडकोची स्थापना 1970 ची. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. 1992 मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे खाडीवरून धावू लागली आणि नोडांमध्ये, म्हणजे शहराच्या आखलेल्या वसाहतींमध्ये, माणसं भराभर येऊ लागली. गिरणगावातून आलेली, साताऱ्या-सांगलीकडून बाजारात माथाडीला आलेली, तमिळ, मल्याळी, गुजराती, पंजाबी. एकाच इमारतीत चार भाषांचं संगीत नांदू लागलं. मूळ आगरी-कोळी गावांची गाणी तर आधीपासून होतीच. हळदीच्या रात्री धवलारीण धवला गाते, विधीच्या प्रत्येक पायरीचं गाणं तिला तोंडपाठ असतं. या गाण्यांना लेबल कधी लागलंच नाही. ती आईकडून, मावशीकडून, सासूकडून आली, आणि ‘ही कुणाकडून शिकलीस’ हाच त्यांचा पत्ता.

फिलिप्सने 1963 मध्ये काढलेली छोटी कॅसेट भारतात ऐंशीच्या दशकात घरोघर पोचली. तिच्यामुळे पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला गाण्यांचा क्रम स्वतः लावता आला. कॅसेटच्या दुकानात वहीच्या कागदावर यादी न्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी फीत द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. आवरणावर निळ्या शाईने गाण्यांची नावं. कुणाला काय भरून दिलं यावरून कोण कुणात गुंतलंय हे आळीला कळे. पुण्यात सुरेश अलूरकरांचं ‘अलूरकर म्युझिक हाऊस’ हे दुकान म्हणजे शास्त्रीय संगीताच्या चाहत्यांचा अड्डा. तिथे खरेदीइतकाच वेळ ‘हे ऐकलंत का’ यात जाई. पुढे मोबाईलच्या दुकानात ‘कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी लागली. मेमरी कार्डात पाचशे गाणी टाकून मिळायची, पण फायलींची नावं ‘ट्रॅक 01’, ‘ट्रॅक 02’. नावं गळायला सुरुवात झाली ती इथे.

त्याच सुमाराला कॉलर ट्यून आली. ही खास आपल्याकडे रुजलेली गोष्ट. फोन करणाऱ्याला ‘ट्रिंग ट्रिंग’ऐवजी तुमच्या आवडीचं गाणं ऐकू येई, आणि त्याला ते भावलं तर एखादं बटण दाबून तेच गाणं स्वतःसाठी घेता येई. तुम्हाला ते गाणं ऐकू येतच नसे. ते पूर्णपणे दुसऱ्यासाठी लावलेलं असे. अभंग लावणारा, देशभक्तिगीत लावणारा, ‘सैराट’नंतर हळगीचा ठेका लावणारा, माणूस फोन उचलायच्या आत त्याची ओळख होऊन जाई.

एकट्याने ऐकण्याचं यंत्र बनवणाऱ्यांनाही एकटेपणाची धास्ती होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सोनीने 1979 मध्ये वॉकमन आणला तेव्हा त्याच्या पहिल्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या, आणि गाणं चालू असताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटणही. एकाच माणसाने कान बंद करून बसणं असभ्य दिसेल असं कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटत होतं. लोकांनी मात्र तो एकट्यानेच ऐकला. दोन खाचा पुढे नाहीशा झाल्या. हार्बरच्या गाडीत कॉलेजच्या मुली एकाच वायरचं एकेक टोक कानात घालून बसतात तेव्हा ती जुनी सोय त्यांनी स्वतः पुन्हा शोधून काढलेली असते.

माणसाला आपलं ऐकणं सांगावंसं का वाटतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युअल गॉसलिंग यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी तरुणांना सहा आठवडे एकमेकांशी ओळख करून घ्यायला सांगितलं, कशावर बोलायचं ते त्यांच्यावर सोडून. चित्रपट, पुस्तकं, खेळ, कपडे या सगळ्यांपेक्षा जास्त बोलणं संगीतावर झालं. दुसऱ्या भागात, एखाद्याच्या आवडत्या दहा गाण्यांची यादी ऐकून त्याच्या स्वभावाबद्दल परक्यांनी केलेले अंदाज काही बाबतींत चांगलेच जुळले. नव्या अनुभवांना तो किती मोकळा आहे, हे तर विशेष नेमकं कळलं.

पण सांगण्याला एक दुसरी बाजूही आहे. त्याच 2006 मध्ये मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अपरिचित बँडची 48 गाणी, आणि ती ऐकून हवी ती उतरवून घेणारे 14,341 लोक. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केलेले, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा घेतलं ते त्यांना दिसे. ज्यांना इतरांची पसंती दिसत होती त्यांच्यात लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली पार मागे गेली. शिवाय आठ गटांत अव्वल गाणं एकच नव्हतं. सुरुवातीला कुणी काय निवडलं त्यावर पुढचं सारं वळण ठरलं. सर्वांत चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र इतरांच्या हातात होतं. आपण एखादं गाणं चारचौघांना कळवतो तेव्हा त्या गाण्याच्या भवितव्यात हात घालत असतो, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखवलं.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चारचौघांबरोबरच्या या ऐकण्याचं सगळ्यात भव्य रूप दिसतं. 2008 मध्ये क्रिकेटसाठी सुरू झालेलं हे मैदान पुढे जगभरच्या गायक-वादकांचा मुंबईतला मुक्काम झालं. 10 मे 2017 ला जस्टिन बीबर, 15 डिसेंबर 2019 ला यू-टू, आणि त्या मंचावर ए. आर. रहमानही. जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला कोल्डप्ले. तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत लाखो लोक उभे होते. अशा मैफलीआधी चाहते कोणती गाणी वाजतील याच्या याद्या आठवडे आठवडे फिरवतात, पाठ करतात, एकमेकांची परीक्षा घेतात. मैदानात शिरणारा माणूस ते सारं आधीच शेकडो वेळा ऐकून आलेला असतो. तो येतो तो इतके लोक हेच ऐकत होते हे डोळ्यांनी पाहायला.

आता ऐकणं आपोआप जाहीर होतं. 2002 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने ‘ऑडिओस्क्रॉबलर’ बनवला. संगणकावर वाजणारं प्रत्येक गाणं तो नोंदवून ठेवी आणि तशाच आवडीची माणसं शोधून देई. स्पॉटिफाय भारतात 2019 मध्ये आलं, आणि दर डिसेंबरात वर्षभर काय ऐकलं याचं रंगीत प्रगतिपुस्तक लोक स्टेटसला लावू लागले. रील्सनी गाण्याचा तुकडाच पुढे केला. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये असंच तुकड्यातुकड्याने देशभर गेलं. मराठीचा गंध नसलेल्यांनी त्यावर ताल धरला. जळगाव जिल्ह्यातला एक तरुण मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय एवढी मजल मारतो, ही ऐकलेलं पुढे धाडणाऱ्यांची ताकद. याचा आनंदच वाटायला हवा.

काळजी वाटते ती नावांची. तीस सेकंदांच्या स्टेटसमध्ये गीतकाराला जागा नसते. 2015 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटाचं उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक 1967 चं, त्याचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. चित्रपटात अभिषेकींची काही पदं आहेत आणि शंकर-एहसान-लॉय यांनी केलेली नवी गाणीही. त्यातले शंकर महादेवन हे तर वाशीकर, त्यामुळे नवी मुंबईत या गाण्यांचं कौतुक जरा जास्तच. पण फिरणाऱ्या तुकड्यांत जुनी पदं नव्या नावावर जातात आणि नवी गाणी जुन्या नावावर. नुकसान दोघांचं होतं, आणि ऐकणाऱ्याचंही. वसंतरावांचं गाणं आणि त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी चित्रपटासाठी गायलेलं गाणं शेजारी ठेवून ऐकण्यात जो आनंद आहे तो नावं कळल्याशिवाय मिळत नाही.

नावाला पैशाचंही अंग आहे. 2012 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर लढले. गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊन काढून घेता येत नाही, अशी तरतूद त्या दुरुस्तीने झाली. हा वाटा गोळा करून देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 पासून आहे. पण गाण्याच्या नोंदीत गीतकाराचं नावच चुकलं किंवा गाळलं, तर पैसे पोचायचे कुणाला? स्पॉटिफायनेही गीत-संगीतकारांची नावं दाखवायला 2018 मध्ये सुरुवात केली, आणि ती पाहायला आजही दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं.

‘नाव तर यंत्रच सांगतं’ असं कुणी म्हणेल. शझॅम ही सेवा 2002 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा 2580 हा क्रमांक फिरवून फोन गाण्यापुढे धरायचा, आणि नाव संदेशाने येई. तिची युक्ती सुंदर आहे. गाण्यातला प्रत्येक क्षण वेगवेगळ्या कंपनसंख्यांत पसरलेला असतो. यंत्र त्यातले फक्त सर्वांत ठळक बिंदू निवडतं, दोन बिंदूंमधलं अंतर मोजतं आणि अशा जोड्यांचा ठसा कोट्यवधी गाण्यांच्या ठशांशी ताडून पाहतं. गाडीचा खडखडाट असला तरी ठळक बिंदू तगून राहतात, म्हणून सानपाड्याच्या फलाटावरही ते चालतं. मात्र ते ओळखतं ते मुद्रण. डब्यातल्या भजनी बुवाने तोच अभंग वेगळ्या चालीत घेतला, धवलारणीने हळदीचं गाणं उचललं, की यंत्र गप्प बसतं. तिथे माणसालाच विचारावं लागतं.

असं विचारणारी आणि लिहून ठेवणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राचं काम केलेले सुरेश चांदवणकर तिचे एक मुख्य आधारस्तंभ. सभासद जुन्या बाजारातून, अडगळीतून लाखेच्या तबकड्या मिळवतात, बैठकीत एकमेकांना ऐकवतात, लेबलवरचा क्रमांक, गायक, राग, कंपनी यांची नोंद करतात, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून ते छापत आले आहेत. अलका विभास यांनी उभारलेल्या ‘आठवणीतली गाणी’ या संग्रहात हजारो मराठी गाण्यांच्या शब्दांबरोबर गीतकार, संगीतकार, स्वर, आणि जमेल तिथे रागही दिलेला असतो. या कामाला ना मोठं अनुदान असतं, ना प्रसिद्धी. मराठी संगीताच्या इतिहासात विद्यापीठांइतकीच यांची नावं घ्यावी लागतील.

आणि हे काम प्रत्येक चाहत्याला थोडंसं करता येण्याजोगं आहे. पुढचं गाणं कुणाला पाठवाल तेव्हा खाली एक ओळ लिहा: गायक, संगीतकार, गीतकार. कोणतं वर्ष, कोणता चित्रपट किंवा नाटक, हे ठाऊक असेल तर तेही. नुसता तुकडा आला तर पाठवणाऱ्याला विचारा, ‘हे कुणाचं?’ माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचं स्वच्छ छायाचित्र काढा, क्रमांक दिसेल असं. करावे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरण्यात कुणाची आजी धवला गात असेल तर येत्या लगीनसराईत तो फोनवर मुद्रित करून घ्या, आणि सुरुवातीला तिला तिचं नाव सांगायला सांगा.